खंडेनवमीला पुसलेली पेटी

मामांनी पेटी धुतली नव्हती, पुसली होती. हा फरक मी त्या दिवसांत इतक्या जणांना समजावला की माझी जीभ झिजली. खाणीचे फोरमन म्हणायचे, धुतली. वरच्या पंपावरचा माणूस म्हणायचा, धुतली. डिचोलीच्या बाजारात ज्या दुकानात मी नोकरी करत होते, त्याचा मालक तर पेटी बघण्याआधीच धुतली म्हणून मोकळा झाला होता. आणि सगळ्यात वैताग म्हणजे खुद्द मामाही म्हणायला लागले होते, "धुतल्यासारखीच झाली गो ती."

मी मूळची पेडण्यातली, धारगळची. पणजीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला तेव्हा गोवा राज्य होऊन फार काळ लोटला नव्हता, आणि कोकणी की मराठी हा वाद चहाच्या दुकानातल्या बाकड्यावरून अजून उठला नव्हता. मुलीनं डिप्लोमा करून पुढे काय करायचं, हा आमच्या घरातला वाद त्याहून मोठा होता. घरच्यांच्या मते मी बँकेची परीक्षा द्यायला हवी होती. मला सोल्डरिंगचा वास आवडायचा. डिचोलीला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं एक दुकान होतं, ते खाणीवरच्या स्टार्टर-स्टॅबिलायझरची कामंही घ्यायचं. तिथे मला ठेवून घेतलं. धारगळहून रोजचं जाणं-येणं जमेना, म्हणून मी पाळी या जवळच्या खाणीच्या गावी मामांकडे राहायला गेले.

मामा दोडामार्गकडचे. जवानीत खाणीवर आले, आधी मातीच्या पाट्या उचलल्या, मग पंपावर लागले आणि तिथलेच झाले. कंपनीनं दिलेल्या दोन खोल्यांत मामा आणि मामी राहायची. त्यांना मूल नव्हतं. मला त्यांनी पाहुणी म्हणून कधी वागवलं नाही, पहिल्या आठवड्यापासून ओरडायला सुरुवात केली. मीही काही ऐकून घेणारी नव्हते. माझ्या नाकावरचा राग बघून मामी म्हणायची, हिला दिली त्या घरात चूल पेटवायला काडी लागायची नाही.

पाळीत तेव्हा सगळं लाल असायचं. रस्त्याकडेची झाडं लाल, वाळत घातलेले कपडे लाल, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांवर लाल धूळ. पावसाळ्यात खाणीचा खड्डा पाण्यानं भरायचा आणि पाऊस सरेपर्यंत आणि नंतरही ते पाणी उपसत राहावं लागायचं, तेव्हा कुठे तळाशी खोदायचं मशीन उतरायचं. त्यासाठी दोन पंप होते. वरच्या टप्प्यावरचा एक आणि अगदी खालचा, तो मामांचा. पूर्वी मामा कदेल म्हणजे खुर्ची टाकून बसायचे आणि पाणी किती चढलं ते बघून पंप चालू-बंद करायचे. मग कंपनीनं बाहेरगावहून दोन पेट्या आणल्या, प्रत्येक पंपाला एक. पाण्यात तरंगणारा लोळा वर आला की पेटी पंप चालू करायची, खाली गेला की बंद. आत सर्किटची एक हिरवी पाटी आणि पाटीवर एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढ्या जागेत बसवलेला छोटा संगणकच. पेटी आली तेव्हा लोक मामांना म्हणाले, आता तुम्ही गावाक जावा. पण यंत्राकडे बघायला माणूस लागतोच, म्हणून मामा राहिले. पेटी आली म्हणून रुसण्याऐवजी त्यांनी तिची बडदास्त ठेवायला सुरुवात केली. रोज सकाळी झाकण पुसायचं, उंदीर वायर कुरतडत नाहीत ना ते बघायचं, आणि घरी येऊन मला तिची खुशाली सांगायची.

सगळा पावसाळा पेटी गुणी बाळासारखी चालली. मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला खाणीवर काम नसतं, पूजा असते. ट्रक धुवून पुसून रांगेत उभे राहतात, त्यांना रोजांच्या माळा चढतात. रोजां म्हणजे झेंडू. ज्यानं त्यानं आपापल्या यंत्राची पूजा करायची. वरच्या पंपावरचा माणूस पाळीचाच, आळसात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्यानं पेटीवर माळ अडकवली, नारळ फोडला आणि घरी जाऊन वडे खाल्ले. आमच्या मामांचं तसं नव्हतं. त्यांनी पंपाचं तेल बदललं, नट-बोल्ट घासून चकचकीत केले आणि शेवटी पेटीचं झाकण उघडलं. आत पाटीवर लाल धुळीचा थर, आणि खाली सोल्डरिंगच्या वेळी राहून गेलेला तपकिरी चिकट राळेसारखा मळ. लक्ष्मी येणार त्या घरात एवढा मळ ठेवून कसं चालेल?

मी घरी काम आणायची तेव्हा स्पिरिट आणि जुन्या दातांच्या ब्रशनं पाट्या साफ करायची, ते मामा बघायचे. त्यांनी माझीच बाटली घेतली, माझाच ब्रश घेतला आणि वीज बंद करून पाटीची बोटभर जागाही न सोडता ती साफ केली. मामीच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं टिपली, सुकू दिली, झाकण लावलं. कुंकू लावलं तेही झाकणाच्या बाहेरून. मी स्वतः केलं असतं तर याहून बरं केलं नसतं. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा," म्हणून सुरुवात केली, आपल्या गावच्या देवांची नावं घेतली, आणि जमलेले चार लोक दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणाले.

दसरा झाला, पंप सुरू केला, आणि थोड्या वेळानं तो आपोआप बंद पडला. मामा काय झालं म्हणून बघायला गेले, काही दिसलं नाही, मागे फिरले तर पंप आपोआप सुरू. परत जवळ गेले तर परत बंद. दिवसभर हेच चाललं. मामा जवळ गेले की पंप मान टाकायचा, लांब गेले की उठून बसायचा.

फोरमननी पेटी उघडून बघितली, आत आरशासारखी चकचकीत पाटी. त्यांचा निकाल तिथेच लागला. पाण्यानं धुतली, आत पाणी गेलं, शॉर्ट झालं. वरच्या पंपावरच्या माणसाचा निकाल वेगळा होता आणि तो त्यानं सगळ्या खाणीला ऐकवला. मामांनी गाऱ्हाण्यात आपल्या गावचे देव आळवले, पण या जागेच्या राखणदाराचं, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचं, नाव घेतलं नाही. त्यानं स्वतः घेतलं होतं, म्हणून त्याचा पंप बघा कसा चालतो. त्या दिवसांत भाषेवरून भांडायची सगळ्यांना सवयच होती, त्यामुळे राखणदाराला मालवणी कळली नसेल असंही एकानं सुचवून पाहिलं. मी म्हटलं, त्याला कोकणी, मराठी, मालवणी तिन्ही कळतात, तुम्हालाच एकही धड कळत नाही. मामीनं मला कोपर मारलं.

हसण्यासारखं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण मामांनी दुसरा निकाल मनावर घेतला. फोरमन म्हणतात तसं पाणी आपण वापरलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग उरलं काय? आपल्या हातून मोठं चुकलं आणि आता आपला हात जिथे लागेल तिथे बिघडेल. त्यांनी पंपाच्या बटणाला हात लावायचं सोडलं, जाणाऱ्या-येणाऱ्याला दाबायला सांगायचे. घरातला संध्याकाळचा दिवाही मामीला लावायला सांगू लागले. पेजेचा वाडगा पुढ्यात तसाच राहायचा. त्यांना तसं बघून मला रडू यायचं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी त्यांच्यावरच ओरडायची.

त्यातच फोरमननी सांगून टाकलं. तळाचं मशीन पाण्यात उभं राहतंय, पुढच्या आठवड्यापासून पंपावर दुसरा माणूस येईल, मामांनी आता गावी जावं. पंप गेला की खोल्याही जाणार होत्या. मामी भांडी मोजत नव्हती इतकंच, बाकी तिच्या डोळ्यांत बांधाबांध सुरू झाली होती. मामा मात्र खोल्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "गावाक जावन तरी काय करू? थय पण ह्योच हात घेवन जावचो आसा."

मामीनं कौल लावायचं ठरवलं. मला देवळात घेऊन गेली. मी तोंड वाकडं केलं, पण गेले. गुरवानं देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर मामांच्या हातून चूक झाली, डावी पडली तर नाही, असं मामीनं मागून घेतलं. आम्ही बसून राहिलो. दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी गुरव म्हणाला, देवाच्या मनात आज नाही, सोमवारी या. मामी हिरमुसली. मला मात्र बरं वाटलं, कारण ती उजवी पाकळी पडली असती तर मामा कायमचे खचले असते आणि मग कुठल्याही मीटरनं ते सावरले नसते.

इकडे फोरमननी पेटी आमच्या दुकानात पाठवली होती. मालकानं बाकावर जोडली, पंपाच्या जागी बल्ब लावला, लोळा वर-खाली केला. बल्ब लागत होता, विझत होता, अगदी शहाण्यासारखा. दिवसभरात एकदाही चुकला नाही. पाण्याची खूणही कुठे नव्हती. मालक म्हणाला, पेटी बरी आहे, तुझ्या मामांच्या पंपातच काही असेल, आणि पेटी परत धाडली. खाणीवर लावली तर पहिले पाढे पंचावन्न. झालं, आता तर सगळ्यांची खात्रीच पटली. डिचोलीत मामा नव्हते म्हणून चालली, इथे मामा आहेत म्हणून बंद पडते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली तर निदान कावळा उडून तरी जातो. मामांना उडायलाही जागा नव्हती.

मी मालकाकडून वीज मोजायचा मीटर आणि एक दिवसाची सुट्टी घेतली. सुट्टी त्यानं दिली, वर मीटर पडला तर काय होईल तेही सांगितलं.

सकाळी मी पंपाच्या खोलीत गेले तेव्हा फोरमन तिथेच होते. मामा बाहेर काजीच्या, म्हणजे काजूच्या, झाडाखाली, खोलीकडे पाठ करून बसले होते. पंप चालू होता. मी पेटीजवळ गेले, झाकणाच्या प्लॅस्टिकवर नुसता हात ठेवला, आणि पंप बंद पडला. हात काढला, थोड्या वेळानं सुरू झाला. मी फोरमनना म्हटलं, जरा तुमचा हात ठेवा. ते बिचकले, पण त्यांनी ठेवला. पंप बंद. राखणदाराचा राग असेल तर तो आता तिघांवर होता.

"म्हणजे माणूस जवळ आला की बंद पडते," मी म्हटलं. "मामा नव्हे, कोणीही. मामाच तेवढे तिच्याजवळ जायचे, म्हणून मामांवर आलं."

फोरमन म्हणाले, पण दसऱ्याआधी हे होत नव्हतं ना? हे खरंच होतं.

मी झाकण काढलं आणि पाटी नीट बघितली. मायक्रोकंट्रोलरला दोन्ही बाजूंना गोमेसारखे पाय असतात. प्रत्येक पायाचं काम ठरलेलं. एक लोळ्याकडे, एक पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेकडे, एक विजेला, एक जमिनीला, म्हणजे अर्थिंगला. पण या पाटीवर काही पाय कुठेच जात नव्हते. पाटीत नुसते खोवले होते, तांब्याची रेघ त्यांच्यापासून निघतच नव्हती. अशी पेटी मोठ्या पंपालाही वापरतात. तिथे त्यातल्या एका पायाला धोक्याचं बटण जोडलेलं असतं, ते दाबलं की पंप ताबडतोब बंद. आमचा पंप लहान, म्हणून बनवणाऱ्यानं बटण लावलं नाही. पाय मोकळा सोडला. चिपमध्ये भरलेली आज्ञावली मात्र मोठ्या पंपाचीच होती आणि ती त्या मोकळ्या पायाला सारखी विचारत होती, धोका आहे का?

मी मीटरची काळी तार जमिनीला लावली आणि लाल तार त्या मोकळ्या पायावर टेकवली, तिथे किती व्होल्ट आहेत बघायला. आकडा शून्यावर जाऊन स्थिर झाला. मी फोरमनना पाटीच्या अगदी जवळ हात धरायला सांगितलं. पंप चालूच राहिला. मी लाल तार उचलली. पंप बंद. टेकवली, चालू. मीटर लावला की बरा, काढला की आजारी, असा रोगी मी कधी बघितला नव्हता, पण अशा रोगाबद्दल पुस्तकात वाचलं होतं.

फोरमनना मी कौलाच्याच भाषेत सांगितलं. पायाला वीज जोडली की तो 'होय' म्हणतो, जमिनीला जोडला की 'नाही' म्हणतो. कशालाच जोडला नाही तर त्याचं काही ठरलेलं नसतं, नुसती फुंकर पुरते. बाजूच्या मोटरची जाड तार, माणसाचा हात, कशानंही तो एकदा होय म्हणतो, एकदा नाही. आमच्या दुकानात मोटर नव्हती, म्हणून तिथे तो शहाणा होता. मीटरच्या आतून अगदी बारीक वाट जमिनीकडे जाते, तेवढ्यानंही तो सुधारतो. फोरमन हुशार होते, त्यांना कळलं. पण ते त्यांच्या प्रश्नावरून हटेनात. पाय पहिल्यापासून मोकळा आहे, मग पेटी इतके दिवस कशी चालली?

उत्तर शोधायला आम्ही वरच्या पंपावर गेलो. तिथली पेटी तशीच, पाटी तशीच, पाय तसेच मोकळे. आणि ती ठणठणीत चालत होती. मी झाकण काढलं. आत लाल धूळ, तपकिरी मळ, दोन्हींचं मिळून झालेलं किटण, पायांच्या मधल्या फटीत भरलेलं. मी बराच वेळ त्या किटणाकडे बघत उभी राहिले आणि मग मला हसूच फुटलं. त्या मोकळ्या पायाच्या शेजारचा पाय जमिनीचा होता. पावसाळ्याची ओल, खनिजाची धूळ आणि सोल्डरिंगचा मळ, यांनी मिळून दोन्हींच्या मध्ये एक बारीकशी वाट केली होती. जे काम बनवणाऱ्यानं करायला हवं होतं ते मळानं केलं होतं. खालच्या पेटीतही तेच होतं. मामांनी मन लावून साफ केलं आणि ती वाटही पुसली गेली.

मी हे सांगितलं तर वरच्या पंपावरचा माणूस खो खो हसला. घाणीमुळे यंत्र चालतं म्हणे. फोरमनही माझ्याकडे संशयानं बघायला लागले. मामाला वाचवायला भाची काहीही सांगेल, असं त्यांच्या कपाळावर लिहिलेलं मला दिसत होतं. मी म्हटलं, ही पेटीही साफ करून बघू. मामांसारखीच, स्पिरिटनं. माझं खोटं असेल तर काहीच होणार नाही.

आणि खरं असेल तर दोन्ही पंप बंद आणि तळाला पाणी, फोरमन म्हणाले. ते पेटीसमोर उभे राहून विचार करत राहिले. माझा तोल गेला. "मामांना घालवताना एवढा विचार केला होता का?" मी म्हटलं. फोरमनच्या वयाच्या माणसाशी मी असं बोलायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांनी स्वतः जाऊन वीज बंद केली.

मी ब्रश घेतला. किटण निघता निघेना, स्पिरिट लाल होऊन खाली गळत होतं. टिपलं, सुकू दिलं, झाकण लावलं, वीज चालू केली. पंप सुरू झाला आणि चालत राहिला. आम्ही लांब उभे राहून बघत होतो. पंप चालतच होता, एकदाही अडखळला नाही. कदाचित इथे मोटरची तार लांब होती, कदाचित मीच चुकले होते. मामांना आता काय सांगायचं, हा एकच विचार डोक्यात होता.

वरच्या पंपावरचा माणूस पुढे आला. त्यानं मुद्दाम मोठ्या आवाजात सांगितलं की राखणदाराचं नाव घेतलं की असं असतं, आणि आपल्या पेटीला शाबासकी द्यावी तसा झाकणावर हात टेकवला.

पंप बंद पडला.

त्यानं हात झटक्यात काढला. पंप सुरू झाला. त्यानं भीत भीत एक बोट टेकवलं. बंद. तो माणूस घामानं थबथबला आणि मी तिथेच लाल मातीत बसून रडायला लागले. पंप बंद पडला म्हणून आनंदानं रडणारी माझ्याशिवाय कोणी झाली नसेल. छातीवरचा धोंडा उतरतो म्हणतात तो खरोखर उतरतो, श्वास खाली पोटापर्यंत जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचं काम अगदीच किरकोळ होतं. पिशवीत रेझिस्टर होते, म्हणजे विजेला बेताचीच वाट देणारे बारीक तुकडे. दोन्ही पेट्यांतला प्रत्येक मोकळा पाय मी रेझिस्टर लावून जमिनीला बांधून टाकला. धोक्याच्या बटणाचाच नव्हे, सगळेच, कारण आज जो गप्प आहे तो उद्या गप्प राहीलच असं नाही. मग फोरमननी हात ठेवून बघितला, मी ठेवून बघितला, वरच्या माणसाला ठेव म्हटलं तर तो नको म्हणाला. दोन्ही पंप एका सुरात चालू राहिले. फोरमननी माफी वगैरे मागितली नाही, आणि मलाही त्या क्षणी कोणाची माफी नको होती. ते एवढंच म्हणाले, "मामाक पंपार येवंक सांग."

मामा अजून काजीखालीच होते. मामी जेवणाचा डबा घेऊन आली होती, तो बाजूला तसाच होता. मी समोर बसून सगळं सांगितलं. पाय, मळ, बारीक वाट, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर काही उमटेना. मग हळूच विचारलं, "आनी राखणदार?"

एरवी मी फणकारले असते. तेव्हा नाही फणकारले. मी म्हटलं, "मामा, राखणदार रागावलो असतो तर वरचो पंप कित्या बंद पडतो? थय तर तेचा नाव घेतलला."

मामांनी मान वर केली. ते विचार करत होते. माझे पाय आणि रेझिस्टर त्यांच्या डोक्यावरून गेले होते, पण हे बरोबर पोचलं.

"थय पण बंद पडलो?"

"पडलो. साफ केल्यार पडलो. कोणी पण साफ केलो असतो तरी पडलो असतो. तुमच्या हातान कायच बिघडाक नाय."

मामी तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघायला लागली.

"परत येकदा सांग," मामा म्हणाले.

मी परत सांगितलं. तुमच्या हातान कायच बिघडाक नाय. त्यांनी दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले आणि उठले. खोलीत पंप चालू होता. ते दारात थांबले, आत गेले, आणि पेटीच्या झाकणावर उजवा तळवा अख्खा टेकवला. पंप चालू राहिला. मामांनी डोळे मिटले. मी वाट बघितली, मामीनं वाट बघितली, भात निवत होता. शेवटी मीच हाक मारली, मामा, आता चला, जेवूया.

हात न काढता त्यांनी मला थोडं थांबायला सांगितलं, "रव गो वायच."